दहातून दोन गेले, नऊ उरले

चिंचवडच्या कारखान्यात गोदामाच्या नोंदींचा संगणक-प्रोग्राम मी लिहिला होता. नोंदीपेक्षा बेअरिंग कमी भरले, म्हणून गोदाम सांभाळणाऱ्या वयस्कर काकांना चोर ठरवून घरी बसवलं. मग तपासायला एक गृहस्थ आले. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. सारखा चष्मा पुसत त्यांनी दोघांना दोन टर्मिनलवर बसवलं आणि एकाच क्षणी एकेक बेअरिंग दिल्याची नोंद करायला लावली. दहातून दोन गेले, तरी पडद्यावर नऊ उरले. चूक माझ्या प्रोग्रामची होती.

"दोन्ही टर्मिनलांनी दहाच वाचले आणि दोघांनीही नऊ लिहिले. एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवा," ते शांतपणे म्हणाले.

मी तशी दुरुस्ती केली.

"आता काकांच्या घरी कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

मीच कासारवाडीला गेलो. काकांनी सगळं ऐकलं, पण आत बोलावलं नाही.