करवतीने खाल्लेलं पितळ

मावशीच्या मेसमध्ये जेवणारी मुलं भातातले काळे कण बोटाने वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायची. जेवण उरकेपर्यंत कडेवर बारीक काळी रांग तयार व्हायची. अकरावी-बारावीला मी लातूरला मावशीकडेच राहायचो, आणि तिच्या हातचं जेवून मीही तशी रांग लावली आहे. हे लिहायला मला अजून संकोच वाटतो.

मावशीचं गाव औसा तालुक्यात. भूकंपात घर पडलं आणि काका त्यात गेले. मावशी लातूरला आली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि शिकवणीसाठी आलेल्या मुलांची मेस सुरू केली. तेव्हा गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि मुलं बसमधून ट्रंका घेऊन उतरतच होती. खोल्यांमागे घरमालकाने स्वयंपाकघर म्हणून खिडकीचा, सिमेंटचा चांगला भाग दिला होता. मावशी त्यात फक्त पीठ आणि डाळी ठेवायची. स्वयंपाक करायची ती परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. "डोस्क्यावर दगड नगं आन् सिमिट बी नगं," एवढंच ती म्हणायची. त्यावर कुणी वाद घातला नाही.

शेड तीन बाजूंनी बंद होतं. आत रॉकेलची भट्टी. रॉकेल पुरायचं नाही, म्हणून त्यात गॅरेजमधलं जळकं ऑईल मिसळायचं. ज्योत पिवळी, ढणढणती, वर काळा धूर. पत्र्याच्या आतल्या बाजूला काजळीचा बोटभर थर साचलेला असायचा. भाताची वाफ वर जाऊन त्या थराला लागायची, तिथे तिचे थेंब व्हायचे, आणि ते काळे थेंब उघड्या पातेल्यात पडायचे. मी एकदा खाली उभा राहून वर पाहत होतो, तेव्हा एक थेंब माझ्या ओठावर पडला. ती चव मी विसरलेलो नाही. तेलकट, कडू, आणि जरा गोडसर. तो गोडसरपणा सगळ्यांत किळसवाणा होता. मावशी सकाळी मोरीत थुंकायची ते काळं असायचं. ती त्यावर पाणी ओतायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

मी आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. आईवडील चाकूरकडे शेती करतात. नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्याचं श्रेय लातूरच्या दोन वर्षांना होतं. तिथल्या क्लासमध्ये आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. जे विचारतील ते लिहा, आणि ज्याला मार्क नाहीत त्यात वेळ घालवू नका. मी ती चांगली शिकलो होतो. किती चांगली, ते शेवटच्या वर्षी कळलं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो. बहुतेक मुलं मागच्या मुलांचे प्रोजेक्ट रंगवून नव्याने आणत. अहवाल तोच, फक्त पहिलं पान नवं आणि वर सोनेरी अक्षरांची बांधणी. मला ते करायचं नव्हतं. ग्रंथालयात बॉयलरवरचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात जाड तेल वाफेबरोबर जाळायची पद्धत दिली होती. वाफ बारीक छिद्रातून जोरात सुटते, जाताना शेजारचं तेल आणि हवा ओढून नेते. तेल आधीच तापून त्याची वाफ झालेली असेल, तर पाण्याची वाफ तिच्यात नीट मिसळते, आणि जो कोळसा काजळी म्हणून उडाला असता तोही जळतो. कारखान्यासाठी लिहिलेलं होतं ते. मी वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे मावशीचं शेड होतं.

तसाच छोटा बर्नर तिच्यासाठी करायचा ठरवून मी मावशीला पत्र लिहिलं आणि पातेल्याचं माप मागितलं. तिने पाकिटातून एक सुतळी पाठवली, दोन गाठी मारलेली. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत पातेल्याचं बूड. कागदावर मुलांपैकी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं की पावसाळ्यात नवी मुलं येतील, त्याच्या आत झालं तर बरं.

नांदेडच्या इतवारा भागात एक चाचा स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांच्या वडिलांचंही तेच दुकान होतं. मी कागदावरचं चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं धरलं, मग सुलटं, मग बाजूला ठेवलं.

"आग में पानी डालता तू?" ते म्हणाले. "इंजिनेर हो गया ना, हौ, डाल."

पण दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यांनी तांब्याची नळी गुंडाळून ठेवली होती. पुढचे चार महिने मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथे बसायचो. प्रेशर कुकरच्या भांड्यात पाणी, त्यावर कुकरचाच व्हॉल्व्ह. त्यातून निघालेली वाफ एका नळीच्या वेटोळ्यातून पुन्हा तापवायची, तेल दुसऱ्या वेटोळ्यातून, आणि दोन्ही पितळेच्या एका तुकड्यात एकत्र आणायची. त्या तुकड्याच्या पोटात एक अरुंद गळा होता. सगळं काम त्या गळ्याचं. तो जरा रुंद झाला की वाफ नुसती फुसफुसायची, जरा अरुंद झाला की तेल उलटं यायचं. चाचांनी तो कानशीने आणि सुईने हाताने केला. आठ तुकडे वाया गेले, नववा जमला.

त्या महिन्यांत माझा रुमाल काळा असायचा. ओल्या वाफेने ज्योत थुंकायची, आणि अर्धवट जळलेल्या तेलाचे शिंतोडे तोंडावर यायचे. तेलाच्या वेटोळ्यात आत कोळसा धरायचा. तो तारेने खरवडताना असा कुजकट वास सुटायचा की मी दोनदा बाहेर जाऊन ओकलो. चाचा हसायचे. म्हणायचे, "अम्मा के हाथ का खाना इत्ते में निकाल दिया?" यावर तोडगाही त्यांनीच काढला. वेटोळं ज्योतीच्या तोंडात नको, खांद्याशी ठेवायचं. आणि पेटवताना आधी वाफ, मग तेल. विझवताना आधी तेल बंद, मग वाफ थोडा वेळ चालू, म्हणजे नळी आतून धुतली जाते. माझ्या पुस्तकात हे नव्हतं.

एका दुपारी ज्योत निळी झाली. मधे पिवळं टोकसुद्धा नाही. चाचांनी तिच्यावर स्टीलची ताटली धरली, बरीच मिनिटं. मग उलटी करून मला दाखवली. ताटली स्वच्छ होती. त्यांनी त्या ताटलीवर बोट फिरवून बोट चाटलं.

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून मावशीच्या घरमालकाकडे फोन केला. मावशी फोनवर आली, तिला निळ्या ज्योतीचं सांगितलं. तिने विचारलं, "धूर?" मी म्हणालो, नाही. तिने पुन्हा विचारलं, "आजिबात न्हाई?"

परीक्षेला आठवडा राहिला असताना मी बर्नर कॉलेजातल्या आमच्या विभागात नेला. आमचे मार्गदर्शक सर वर्षभरात मला दोनदा भेटले होते. त्यांनी बर्नर टेबलावर फिरवून पाहिला आणि विचारलं, की यात बघण्यासारखं काय आहे. मी म्हणालो, पेटवून दाखवतो. ते म्हणाले, विभागात आग पेटवायची परवानगी नाही. बाहेर मैदानात दाखवू का, असं विचारलं, तर परीक्षक उन्हात येतील का, असं त्यांनी मला विचारलं.

मग त्यांनी खिशातलं पेन काढून बर्नरवर मधोमध एक रेघ ओढली.

"कट सेक्शन कर," सर म्हणाले. "चालतो, असं तर सगळेच म्हणतात. आतलं दिसलं पाहिजे. रंग दे, बाण काढ. मार्क त्याचे आहेत."

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, हे मला आता दहा प्रकारे सुचतं. चाचांकडून रिकामा नमुना करून घेता आला असता. मोठं चित्र काढता आलं असतं. निदान एक दिवस मागता आला असता. मी 'हो सर' म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लातूरला शिकलेलं सगळं त्या एका क्षणात कामाला आलं, एवढंच.

वर्कशॉपमध्ये मी बर्नर शिकंज्यात धरला. हॅक्सॉ मशीन चालू केलं आणि बाजूला उभा राहिलो. पितळ मऊ असतं, पटकन कापलं गेलं. खाली पिवळा भुगा जमला. दोन फाका झाल्या, तेव्हा गळा मला आतून पहिल्यांदा दिसला. चाचांच्या सुईच्या खुणा त्यात गोल गोल होत्या. मी त्यांवर रंग दिला. तेलाचा मार्ग पिवळा, वाफेचा निळा, कापलेल्या कडा लाल.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरगावाहून आले होते. त्यांच्यासमोर सामोसे, काजू आणि पेढे. एका प्लेटवर माशी बसली होती, सर ती हाताने हाकत होते आणि हसत होते. परीक्षकांनी माझा अहवाल उघडला नाही. सामोसा खाता खाता तेलकट बोट त्यांनी बर्नरच्या गळ्यात घातलं, तो निळा रंग अजून पुरता वाळला नव्हता, आणि बोट टेबलक्लॉथला पुसलं. म्हणाले, हा कार्बोरेटर का? मी सांगितलं, बर्नर आहे. त्यांनी विचारलं, चालतो का? मी काही म्हणायच्या आत सर म्हणाले, "मॉडेल आहे सर, दाखवण्यासाठी." परीक्षक म्हणाले, छान रंगवलंय.

आणि मला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. 'छान' म्हटल्यावर माझी पाठ ताठ झाली, मी हसलो, आणि वाफेच्या मार्गावर बोट ठेवून घडाघडा बोललो. त्या दिवशीच्या सामोशांची, माशीची, त्या तेलकट बोटाची मला किळस येते खरी. पण त्या माझ्या हसण्याची जास्त येते.

एक फाक विभागाने कपाटात ठेवली. दुसरी मी पिशवीत घालून चाचांकडे नेली. वाटलं, कॉलेजातली मागून घेऊन दोन्ही जोडता येतील. चाचांनी ती फाक हातात घेतली, रंग नखाने खरवडला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चलता हुआ काटा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, जोडता येईल का.

"जोड तो देता. पर आरी जित्ता पीतल खाई, वो किधर से लाता?"

ते खरंच होतं. करवतीच्या पात्याच्या जाडीएवढं पितळ भुगा होऊन वर्कशॉपच्या फरशीवर पडलं होतं, आणि ते नेमकं गळ्यातलं होतं. जोडला असता तर गळा गोल राहिला नसता. नवा करून द्याल का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं. चाचांना ते दिसलं असावं. ते म्हणाले, बना दूंगा, पण कानस तू धरायची, मी नुसता बघत बसेन. मग त्यांनी फाक माझ्या पिशवीत परत टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा स्टोव्ह पुढे ओढला. चहा मागवला नाही. चार महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

निकाल लागल्यावर मी लातूरला गेलो. नांदेडहून एसटीने, वाटेत चाकूर आलं तरी घरी उतरलो नाही. मावशी शेडमध्येच होती. जुन्या भट्टीच्या शेजारी तिने मातीविटांचा नवा ओटा घातला होता, सारवून गुळगुळीत केलेला. मधे गोल जागा, आणि बाजूला नळीसाठी भोक. ओट्याच्या कडेला खुंटीवर दोन गाठींची सुतळी टांगली होती. मला पाठवली तशीच आणखी एक तिने स्वतःजवळ ठेवली होती.

मी पिशवीतून फाक काढली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, इकडून तिकडून बघितली.

"ह्ये निम्मंच हाय की रं. दुसरं निम्मं कुठाय?"

"कॉलेजात ठेवलंय. कापावं लागलं."

"कशापायी?"

मी म्हणालो, मार्कांसाठी. तिने किती पडले ते विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उजळला, तो मला बघवला नाही. तिने फाक पदराने पुसून ओट्यावरच्या गोल जागेत ठेवली, जरा वाकडी बसली ती सरळ केली, आणि बाहेर पंगतीला बसलेल्या मुलांना ओरडून सांगितलं, की माझ्या लेकराचा पैला नंबर आला, बघा, अभ्यास असा करावा लागतो. मुलं ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. नवी मुलं होती ती. पहिला नंबर माझा नव्हता.

मी मावशीला म्हणालो, दिवाळीपर्यंत दुसरा करून आणतो. ती म्हणाली, "आण की. घाई न्हाई." खोकत खोकत म्हणाली. दिवाळीत मला नोकरी लागली होती, रजा नव्हती. मग ते राहूनच गेलं. कानस मी कधी धरली नाही.

त्या दिवशी तिने मला मुलांच्या पंगतीतच बसवलं, सगळ्यांच्या मधे, दिसेल असं. भात वाढला, त्यावर वरण, वर तुपाची धार, ती फक्त माझ्या ताटात. भातात तीन काळे कण होते. शेजारचा मुलगा आपल्या ताटाच्या कडेला त्याचे कण लावत होता आणि माझ्या ताटाकडे बघत होता. मावशी समोर उभी होती. मी कण वेचले नाहीत. भात कालवला आणि खाल्ला. दाताखाली एक कण आला, तेलकट, कडू. मावशीने विचारलं, "आनखी वाढू?" मी ताट पुढे केलं.