लांब कुटं?

हिराक्कांना कुणी कुठल्याही गावाचं अंतर सांगितलं की त्या हसायच्या. ‘लांब कुटं?’ म्हणायच्या, ‘पाय हायत की.’ सोलापुरात आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी शाळेत शिकवायची, एकटी राहायची, त्यामुळे माझ्या जेवणाखाणाची आणि लग्नाची काळजी त्यांनी न विचारताच अंगावर घेतली होती. त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं. एकदा एस.टी. बंद असताना भाच्याचं बारसं आलं, तर बाई पहाटे उठून पदर खोचून मंगळवेढ्याच्या वाटेला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी बारशाला हजर. परत आल्यावर त्यांच्या तळपायाला तेल चोळताना मी रागावले, तर म्हणाल्या, ‘अगं मास्तरीण, वाट आपल्याला खात न्हाय. आपणच बसल्या जागी तिला भितो.’

आक्का उंच, हाडापेराने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या होत्या. नळावर त्यांचं भांडण झालं तर पलीकडच्या चाळीला कळायचं आणि समेट झाला तर तोही कळायचा. अनोळखी माणूस ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती. स्टँडवर, बाजारात, दवाखान्यात त्या दिसेल त्याला निरोप सांगत. ‘वैरागला चाललास व्हय? मग तितं आमच्या नंदंला सांग, हिरा बरी हाय.’ त्या माणसाला यांची नणंद कोण हे काय माहीत! पण निरोप पोचायचे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. बाहत्तरच्या दुष्काळानंतर पाऊस झाला, त्या वर्षी तिचं लग्न झालं. जावई बार्शीकडचे, पण नोकरी कोकणात, हर्णै बंदरावर, सरकारी कचेरीत कारकून. ‘लांब दिलीस ग पोरीला,’ असं चाळीतल्या बायका म्हणत आणि आक्का ठरलेलं उत्तर देत. मात्र पहिल्याच दिवाळीला जावयांना रजा मिळाली नाही. सुमन आली नाही. आला तो निरोप: पोरगी नीट जेवत नाही, भात पाहिला की ताट सरकवते, सारखी रडते, मला घेऊन जा म्हणते. आक्कांचे मालक, तात्या, गिरणीत होते. तापट माणूस. ते म्हणाले, ‘जा आणि घेऊन ये तिला. आपल्या घरात दोन भाकरी जड न्हाईत.’

आक्कांनी येऊन माझं दार वाजवलं. म्हणाल्या, ‘डोळ्यानं बघितल्याबिगर पोरीला उचलून आणायची न्हाय, आन् बघितल्यावर ठेवायची वाटली न्हाय तर मालकाच्या सांगण्याची बी गरज न्हाय.’ मला सुट्टी होती. बसच्या पाट्या वाचायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मुलगी ठेवायची की आणायची, हा एकच विचार त्या प्रवासभर करत होत्या. मला ते कळत होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्या गप्प होत्या.

सातारा, महाबळेश्वर, पोलादपूर असं करत, गाड्या बदलत आम्ही दापोलीला उतरलो. आक्कांच्या डोक्यावर मालदांडी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, खांद्यावर घोंगडी, हातात शेंगाचटणीचा डबा. हर्णैची गाडी कोळणींनी आणि त्यांच्या मासळीच्या टोपल्यांनी भरून ओसंडत होती. कंडक्टरनं जागा नाही म्हणून हात हलवला. मुरूडची गाडी लागली होती. तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं हर्णै पायी जाता येतं, असं कुणीतरी सांगितलं. आक्कांनी लगेच हर्णैच्या गाडीच्या खिडकीत तोंड घालून एका कोळणीला निरोप दिला, ‘बाई, तुमच्या बंदरावर कारकुनाची सुमन हाय. तिला म्हणावं, तुजी आई मुरुडावनं चालत येतीया.’ कोळणीनं मान डोलावली आणि गाडी गेली.

मुरूड जुनं, नीटनेटकं गाव आहे. दगड बसवलेले पाखाडीचे रस्ते, दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, आणि देवीच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब. आक्कांनी देवीला नमस्कार केला, एका खांबावरून हात फिरवला आणि पुजाऱ्याला समुद्र कुठं म्हणून विचारलं. त्यानं बागांच्या मागं बोट केलं. बागा संपल्या आणि एकदम पाणी समोर आलं. मी तर खुळ्यासारखी उभी राहिले. आक्कांनी मात्र गाठोडं न उतरवताच पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एवढं पानी, आन् पोरगी उपाशी!’

वाट अवघड नव्हती. ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत हे आक्कांच्या लगेच ध्यानात आलं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सुरूची झाडं, आणि पुढं दूरवर पाण्यात सुवर्णदुर्ग. त्याच्या अलीकडं बंदर, असं सांगितलं होतं. आक्का ज्वारीच्या रानातून चालावं तशा सरळ चालत होत्या. मध्ये एक खडकाळ टेकाड लागलं, ते चढून उतरताना मला धाप लागली. ‘शाळंत खुर्ची सोड जरा,’ म्हणाल्या. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘आनली तर लोक हसतील. हसू देत. ठेवली आन् वाळून मेली तर?’

अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर एक लहानशी खाडी आडवी आली. आम्ही दोघींनी तिला नदीच समजलं. आमच्या माण नदीसारखी रुंद, वाळूची, आणि घोट्याएवढं पाणी. मधोमध वाळूचा उंचवटा होता. आक्कांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. ‘ही आपल्यातलीच दिसतीया,’ म्हणाल्या आणि पाण्यातून चालत त्या उंचवट्यावर जाऊन बसल्या. घोंगडी अंथरली. तहान लागली होती, म्हणून आमच्याकडं कोरड्या नदीत जे करतात ते त्यांनी केलं. दोन्ही हातांनी वाळू उकरून झिरा काढायला घेतला. झिऱ्यात पाणी आलं. आक्कांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकल्या. ‘खारट!’ त्यांना नदीनं फसवल्याचा खरोखर राग आला. मग म्हणाल्या, आणखी खोल गेलं की गोडं लागतंच, आणि कोपरापर्यंत हात घालून उकरत राहिल्या.

मी भाकरी सोडत होते. बघता बघता झिरा काठोकाठ भरला. घोंगडीची कड ओली झाली. आक्कांनी वरच्या अंगाला, डोंगराकडं पाहिलं. आभाळ स्वच्छ निळं होतं. ‘वर कुटं पाऊस पडला व्हय ग?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ढगसुद्धा नाही. नदीला पाणी वरून येतं, यापलीकडं आम्हा दोघींना काही माहीत नव्हतं. मी भरती-ओहोटी वर्गात शिकवत होते, पण ती फळ्यावरची. हे पाणी मात्र खालून येत होतं, समुद्राकडून डोंगराकडं, उलटं चाललं होतं. आम्ही उठेपर्यंत दोन्ही बाजूंचे ओहोळ मांडीपर्यंत आले होते आणि पाण्याला ओढ लागली होती. मी घाबरले, आणि तसं ओरडलेही.

आक्का घाबरल्या की नाही, देव जाणे. त्यांनी घोंगडी सोडून दिली, पिठाचं गाठोडं डोक्यावर घेतलं, माझं मनगट धरलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला. ‘आई! उतरू नगंस! मधी खोल हाय! तितंच हुबी ऱ्हा!’

सुमन होती. निरोप पोचला होता आणि ती आईला घ्यायला निघाली होती. लुगडं वर खोचलेलं, केस वाऱ्यावर. आक्का जागच्या जागी थांबल्या. जन्मात त्या कुणाच्या सांगण्यावरून थांबल्या नव्हत्या. सुमननं तोंडाशी हात धरून खाडीच्या आतल्या अंगाला एका माणसाला नावानं हाक मारली, तिथल्या लोकांच्याच हेलात काहीतरी सांगितलं, आणि तो हसत एक छोटी होडी घेऊन आला. पाणी आमच्या गुडघ्यांना लागलं होतं. होडीत बसल्यावर आक्का काठावरच्या सुमनकडं टक लावून बघत होत्या. ‘तुला कसं ग कळलं पानी चढणार त्ये?’ त्यांनी काठावर पाय ठेवताच विचारलं. ‘आज सप्तमी न्हाय का,’ सुमन म्हणाली. ‘सांजच्याला भरती. हितं समद्यांस्नी ठावं असतं.’ आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली.

बंदरावर पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. गलबतांतून उतरलेली मासळी वाळूवर, बैलगाड्या थेट पाण्यात. कोळणी सुमनला हाका मारत होत्या आणि आक्का सगळं डोळ्यांत भरून घेत होत्या. घरी गेल्यावर त्यांनी आधी भाकऱ्या थापल्या. सुमन एकामागून एक खात होती आणि जावई खाली मान घालून तिला वाढत होते. माणूस भला होता. ते बाहेर गेले तशी सुमन म्हणाली, ‘आई, मला घिऊन चल. पीठ आनलं तर दमटून जाळी धरती. भात गिळवत न्हाय. आपलं माणूस न्हाय हितं.’

आक्कांनी हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, ‘पोरी, तुला सोडवायला मी आले, आन् तूच मला पान्यातनं काढलीस. आता तुला मी कशातनं काढू, सांग.’ सुमन बघतच राहिली. ‘मी न्हाय म्हणत न्हाय. निघताना मनानं यायचं असलं तर पिशवी घिऊन चल. बापाला मी बघते. पण रडत येऊ नगंस.’

दुसऱ्या दिवसापासून आक्का कामाला लागल्या. शेजारणीकडं जातं होतं, ते मागून त्यांनी सुमनला दळायला लावलं. पीठ नव्हे, ज्वारी पाठवायची आणि लागेल तेवढी दळायची, असं ठरलं. मला मात्र निघायचा दिवस कधी येतो असं झालं होतं. सुमनच्या मनाचा काही थांग लागत नव्हता.

निघालो ते भर दुपारी, कारण ओहोटी तेव्हा आहे असं सुमननं सांगितलं. ती बरोबर निघाली. हातात भरलेली पिशवी होती. आक्कांनी ती पाहिली आणि पुढं चालू लागल्या. खाडीपाशी आलो. पाणी घोट्याएवढं. सुमन काठावर थांबली आणि तिनं पिशवी आईच्या हातात दिली. ‘सुकट हाय. तात्यास्नी आवडती,’ ती म्हणाली. ‘आता बिगी बिगी पल्याड जा. आन् मधी झिरा काढत बसू नगंस.’

आक्का एवढ्या मोठ्यानं हसल्या की होडीवाल्यानं वळून पाहिलं. पलीकडं गेल्यावर त्यांनी मागं वळून हात केला. सुमन तिथंच उभी होती. मग आक्का चालता चालता रडल्या, मुरूडच्या देवळापर्यंत, आणि एस.टी.त बसल्यावर शेजारच्या बाईला आपली मुलगी समुद्राचं पाणी कसं ओळखते ते सांगू लागल्या.

त्यानंतर दर वर्षी नवी ज्वारी एस.टी.च्या टपावरून हर्णैला जायची. दशक सरता सरता एका उन्हाळ्यात आक्का गेल्या, दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. तार पोचून सुमन आली तोवर सगळं आटोपलं होतं. कडेवर दोन वर्षांची मुलगी, पाय धुळीनं भरलेले. चाळीतल्या बायका तिला मिठी मारून रडू लागल्या. ‘लई लांब दिली ग तुला आईनं. तोंड बी बघायला मिळालं न्हाय.’

सुमननं मुलीला खाली उतरवलं आणि डोळे पुसले.

‘लांब कुटं?’ ती म्हणाली. ‘माजी आई चालत आली हुती की.’