कथेतले बाबा पीत होते

चामोर्शीत आमच्या वस्तीत भाड्याने राहायला बाहेरचं कोणी आपणहून येत नसे. त्यामुळे कॉलेजात नवे लागलेले मराठीचे सर चौकातल्या चांगल्या खोल्या सोडून आमची पुढची खोली विचारायला आले, तेव्हाच मायच्या कपाळाला आठी पडली. बाबांना मात्र आकाश ठेंगणं झालं. ते धानाच्या गिरणीत हमाली करायचे. प्राध्यापक आपल्या घरात राहणार म्हणून त्यांनी स्वतः भिंतींना चुना मारला.

"येवडा शिकलेला मानूस, इथीच काऊन येऊन राह्यला?" माय चुलीपुढून म्हणाली.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस होते. नवा चेहरा दिसला की वस्तीत दोनच तर्क चालत. हा पोलिसांना खबर देणारा, नाही तर जंगलातल्या नक्षलवाद्यांना. सर दोन्हीपैकी कोणी नव्हते. ते कथा लिहायचे. हे कळल्यावर बाबा निर्धास्त झाले, माय झाली नाही, आणि मी मायची मुलगी आहे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. सरांनी वर्गात निसर्गवाद शिकवायला घेतला तेव्हा पोरींना वाटलं झाडं-पानं असतील. सर म्हणाले, छे, माणसाकडे डॉक्टरसारखं पाहायचं. काही गाळायचं नाही, काही सजवायचं नाही. माणूस त्याच्या रक्ताने आणि परिस्थितीने घडतो. या दोन खुंट्यांना तो बांधलेला, आणि लेखकाने फक्त दावं किती लांब आहे ते दाखवायचं. बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. मला मात्र कोणीतरी आपल्या घराचं दार हळूच लोटून पाहतंय असं वाटत राहायचं.

आणि ते खरंच पाहत. माय भात वेळायला बसली की दारात येऊन उभे राहत. भाजी कशाची केली म्हणून विचारणं वेगळं, आणि आज भाजीच नाही हे कळल्यावर डोळे चमकणं वेगळं. पाहुणे आले, मायने वडे तळले, त्या दिवशी सर पोटभर जेवले पण काही म्हणजे काही विचारलं नाही. मी सपरी, म्हणजे पुढची ओसरी, झाडून पसारा उचलायला लागले की म्हणत, "अगं, राहू दे ना तसंच." आमचं आवरलेलं घर या माणसाला का खपत नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळायचा. बाबांना सांगितलं तर ते माझ्यावरच डाफरले. शिकलेल्या माणसावर असा शक घेऊ नये म्हणाले.

बाबा सरांशी मोकळेपणाने बोलत. रविवारी सपरीत चहा घेता घेता त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा मोहाची दारू काढायचे आणि प्यायचे, आणि एकदा पिऊनच धानाच्या बांधीत पडले ते उठले नाहीत. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते पोरसवदा होते. "तवापासून थेंबाले शिवलो नाई जी. बाप गेला तसा मी जानार नाई, असं ठरवूनच टाकलं," ते म्हणाले. सर ऐकताना पुढे सरकून बसले होते, कपातला चहा तसाच गार झाला.

वस्तीच्या विहारात वंदना बाबाच घ्यायचे. सगळ्यांपुढे उभं राहून पंचशील म्हणताना, पाचव्या शीलाला, म्हणजे नशा न करण्याच्या वचनाला, त्यांचा आवाज चढायचा. शेत नव्हतं, वाडी नव्हती. माणसं आपल्या मागे ते वचन म्हणतात, एवढीच त्यांची इस्टेट होती.

दिसायला बाबा कसे होते तेही सांगायला हवं. फार पूर्वी पायावर धानाचं पोतं कोसळलं होतं. तेव्हापासून चालताना ते एका अंगाला झुकायचे, अनोळखी माणसाला झोकांडी गेल्यासारखं वाटावं इतके. गिरणीच्या कोंड्याने डोळे बारा महिने लाल. अंघोळ करताना मोठ्याने गाणं. वस्तीला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून कोणाला त्यात काही दिसत नव्हतं.

सरांची कथा नागपूरच्या एका दिवाळी अंकात आली. वाचनालयात मी ती उभ्यानेच वाचायला लागले. आधी तर हसूच आलं, इतकं सगळं हुबेहूब. चुना मारलेली भिंत, भात वेळणारी माय, तो पाय, ते डोळे, अंघोळीतलं गाणंसुद्धा. मग कथेतला हमाल संध्याकाळी मोहाची पिऊन घरी आला. त्याने दीक्षा घेतलेली असते, वचन दिलेलं असतं, पण बापाचं रक्त त्याला सोडत नाही. चोरून पितो, सकाळी विहारात पंचशील म्हणतो, आणि शेवटी बापासारखाच बांधीत पडून मरतो. अंक फाडून टाकावासा वाटला, पण तो वाचनालयाचा होता, आणि गावात आणखी किती होते कोण जाणे. नुसतं खोटं लिहिलं असतं तर गावाने ते दारातही उभं केलं नसतं. इथे सगळं खरं लिहून त्याच्या आत ते ठेवलं होतं. ज्याने आमची भिंत इतकी बरोबर लिहिली, त्याने बाटलीही पाहिलीच असेल, असं कोणालाही वाटलं असतं.

चौकातच कोणीतरी बाबांना कथा वाचून दाखवली. ते अंक घेऊन थेट सरांच्या दारात गेले. मी मागोमाग.

"सर, हा मी आहो का?"

"नाही हो भाऊ. ते एक पात्र आहे."

"मंग माहा पाय काऊन देल्ला त्याले?"

सर चिडले नाहीत की ओशाळले नाहीत. मनापासून समजावून सांगायला लागले. पायामुळे पात्र जिवंत झालं, कथा एकट्या माणसाची नसते, परिस्थितीची असते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि भाऊ, रक्तातली ओढ फार वाईट. तुम्ही आतल्या आत किती झगडत असाल, मला कल्पना आहे."

"नाई जी. मले तं आठवनही येत नाई."

यावर सरांनी हळूच मान हलवली. रोगी म्हणतो मला काही झालं नाही, तेव्हा डॉक्टर हलवतो तशी. त्या मान हलवण्याला मी अजून माफ केलेलं नाही. बाबा काहीही बोलले असते तरी ते कथेच्याच बाजूने गेलं असतं. महिना संपताच सर चौकातल्या खोलीत राहायला गेले. त्यांचं आमच्याकडचं काम झालं होतं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात बाबा पाचव्या शीलावर आले आणि मागे कोणीतरी खाकरलं. खोकला असेलही. पण बाबांचा आवाज तिथे चढला नाही. आधी लोक भेटले की पायाची चौकशी करायचे. आता बाबा समोरून आले की पायाकडे पाहायचे आणि मग एकमेकांकडे.

मायला वाचता येत नव्हतं. मीच तिला कथा वाचून दाखवली, एक शब्द न गाळता. तिने सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मुडदा बशिवला त्याचा! येवडी वर्सं झाली, मले माहा नवरा मालूम नाई का?" हे ऐकून मला केवढा धीर आला होता. घरात तरी कथा शिरणार नाही असं वाटलं.

एका संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेले. मायने खुंटीवरचा त्यांचा दुपट्टा उचलला. मला वाटलं धुवायला नेते आहे. तिने तो नाकाशी धरला, डोळे मिटून. मी पाहिलं. मागच्या दारात ओल्या पायांनी उभ्या असलेल्या बाबांनीही पाहिलं. मायने दुपट्टा परत खुंटीला लावला आणि भात वाढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा गिरणीतून आले ते चप्पल काढून सरळ चुलीशी. माय उठून उभी राहिली. ते तिच्यापुढे वाकले, तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर लांब श्वास सोडला.

"हे काय करून राह्यले जी?"

"पाह्य."

"मले काही शक आहे का तुमच्यावर?"

"पाह्य म्हनतो ना."

गिरणीत होते तोवर बाबा रोज संध्याकाळी हे करायचे. माय रोज म्हणायची, पोरीसमोर असं नका करू जी. पण तोंड तिने एकदाही फिरवलं नाही. श्वास येईपर्यंत ती उभी राहायची, आणि मगच त्यांच्या हातात पाण्याचा गडवा द्यायची.