जर्मनचं विमान

सोयगावच्या शाळेत मी पाच वर्षं भूगोल शिकवला. त्यातल्या तीन उन्हाळी सुट्ट्या मी एक विमान शोधण्यात घालवल्या. घरचे औरंगाबादेत वाट बघत, आणि मी अजिंठ्याच्या डोंगरात पायातले काटे काढत बसलेला असे. त्यातून काय मिळालं असं आजही कुणी विचारलं की मला चीड येते.

हे खूळ डोक्यात घातलं सिल्लोडच्या एका मोटार मेकॅनिकनं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. एकदा माझी एसटी त्याच्या गॅरेजसमोर बंद पडली आणि मी सावलीसाठी त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. समोर एका पत्र्यावर त्यानं नट-बोल्ट पसरून ठेवले होते. पत्रा हातभर लांब, वजनाला अगदीच हलका, आणि कडेनं बारीक रिबिटांची सरळ ओळ.

"मोटर का नहीं है ये, मास्तर," माझी नजर बघून तो म्हणाला. "विमानाचा हाय. सोयगावकडच्या एका गिऱ्हाइकानं आणून दिला. लढाईच्या टायमाला तिथं डोंगरात पडलं होतं म्हणे. आख्खं इंजिन असंल तिथं."

त्याला इंजिन बघायचं होतं. मला नुसतं ते ठिकाण बघायचं होतं. लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध, माझ्यासाठी मोठ्या माणसांच्या बोलण्यातली गोष्ट. ती आपल्या डोंगरात येऊन पडली होती यावर विश्वास बसत नव्हता.

पहिला उन्हाळा माझ्या शहाणपणानं वाया गेला. डोंगराखालच्या वस्तीवर ज्याला विचारावं तो म्हणे, "व्हय, जर्मनचं इमान होतं ते." मी उडालोच. जर्मनीचं विमान निजामाच्या राज्यात आलं कसं? शहरात जाऊन लायब्ररीतली पुस्तकं चाळली, दिल्लीच्या एका कचेरीला चार पानी पत्र लिहिलं. कितीतरी महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की असं कुठलंही जर्मन विमान या भागात आल्याची नोंद नाही. ते पत्र घेऊन मी उस्तादबरोबर वस्तीवर गेलो आणि एका म्हातारीला वाचून दाखवलं. तिनं चुलीवरच्या भगुण्याकडं बोट केलं.

"आवो गुरुजी, जर्मनचं म्हंजी असलं. ह्या भगुण्यावानी."

ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई रोज जर्मनच्या पातेल्यात दूध तापवायची. उस्ताद हसून हसून खाली बसला. मला मात्र हसू आलं नाही.

त्या म्हातारीचा नवरा तरुणपणी खदानीत दगड फोडायचा. "मी दावतो जागा," तो आपणहून म्हणाला, आणि दुसरा उन्हाळा आम्ही त्याच्यामागं फिरलो. सडका आणि पूल बांधायला काळा दगड काढून सोडून दिलेल्या किती खदानी त्या डोंगरात आहेत, ते मला तेव्हा कळलं. उभ्या कापलेल्या भिंती, भिंतीवर छिन्नीचे माग, तळाशी हिरवं पाणी. प्रत्येक ठिकाणी म्हातारा कपाळावर हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "इथं नाय. पल्याडच्या दऱ्यात असंल."

पल्याडच्या दऱ्यात एकदा आग्या मोहोळ उठलं आणि आम्ही घोंगडी डोक्यावर घेऊन तासभर पालथे पडून राहिलो. एकदा उस्तादचा पाय मुरगळला; त्याला खांद्याचा आधार देत सोयगावपर्यंत आणलं. रस्ताभर तो माझ्यावर ओरडत होता.

"तुमचा भूगोल कशाचा हो, मास्तर? एक दरी सापडंना तुम्हाला?"

"तुझं इंजिन आहे ते! मला हौस नव्हती," मीही ओरडलो. ते खोटं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच सुरू झालं. चौथ्या दिवशी आम्ही उन्हात करपून वस्तीवर परतलो. म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एकदम नवऱ्यावर उखडली.

"किती हिंडवता वो त्यायला? लेकरं बाळं हायेत त्यायला. सांगून टाका की आता!"

म्हाताऱ्यानं तंबाखू मळली. मग जमिनीकडं बघत बोलला.

"पुलिस ॲक्शन झालं, निजाम गेला, तवा मिल्ट्री घराघराची झडती घ्याया लागली. कुणाकडं हत्यार घावलं की धरून न्यायचे. आमच्याकडं तर घराघरात इमानाचा पत्रा. कुणी दाराला ठोकलेला, कुणी गव्हाणीला. गाव म्हणलं, हे घावलं तर समदे आत. मंग बैलं जुपली, दऱ्यातलं धूड वढून आणलं, घरचे पत्रे काढले, आन् समदं खदानीत लोटलं. वरून दगड. कुठं लोटलं ते बोलायचं नाय असं ठरलं."

"कुठल्या खदानीत?"

"तुमी पयल्या दिशी बसून भाकर खाल्ली ती."

माझं डोकं फिरलं. "अहो बाबा, त्याला वीस वर्षं झाली! आता कोण येतंय धरायला?"

"व्हय," तो म्हणाला. "पर किती वर्साचं ठरलं ते कुणी बोललं नव्हतं."

मी उस्तादकडं बघितलं. तो आता चिडेल, निदान एक शिवी तरी देईल असं वाटलं. त्यानं तांब्यातलं पाणी संपवलं आणि उठला. वस्तीबाहेर आल्यावर म्हणाला, "माझ्या बापानं त्याच दिवसांत शिकारीची बंदूक विहिरीत टाकली, मास्तर. लायसनची बंदूक. आजपर्यंत आम्ही कुणाला नाय सांगितलं. आज तुम्हाला सांगतोय."

राग गेला नाही, पण तो काढायला कुणी उरलं नाही.

उस्तादनं विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ आणि जाड दोर आणला. तीन दिवस आम्ही खदानीच्या काठावरून गळ फिरवत होतो. गाळ आणि फांद्याच वर येत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गळ कशाला तरी घट्ट बसला. दोघांनी पाय रोवून ओढलं. पाणी ढवळलं, आणि एक पांढुरकी, वाकलेली कड पाण्याच्या वर बोटभर दिसली. तेवढ्यात दगडाच्या धारेवर दोर तुटला. आम्ही दोघंही पाठीवर आपटलो. उठून बघतो तर पाणी सपाट. गळही गेला.

त्याच पावसाळ्यात माझी औरंगाबादला बदली झाली.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. खदान आटली आणि दुष्काळी कामावरच्या बाया तिथंच खडी फोडायला बसल्या. उस्तादचं पत्र आलं, 'मास्तर, उघडं पडलंय, ताबडतोब या.' माझ्यासमोर परीक्षेचे पेपर होते. चार दिवस काय होतंय, असं म्हणून मी ते तपासून संपवले आणि मग एसटीत बसलो.

खदानीत खडीचे ढीग होते, बाकी काही नाही. आदल्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक सगळं घेऊन गेला होता. उस्ताद काठावर बसला होता. तोही ट्रक निघताना पोचला होता आणि तेव्हापासून तिथंच होता. मुकादमानं त्याला जवळ जाऊ दिलं नाही. इंजिन दिसलं का, असं मी विचारलं.

"लांबून दिसलं. गाळानं भरलेलं," तो म्हणाला. "तुम्ही चार दिवस आधी आला असता तर मास्तर म्हणून तुमचं तरी ऐकलं असतं."

"आणि तू सिल्लोडात बसून काय करत होतास?"

शेजारी खडी फोडणारी एक बाई हातोडा थांबवून आमच्याकडं बघत राहिली. सिल्लोडपर्यंत आम्ही एकाच गाडीत, वेगवेगळ्या बाकांवर बसून आलो. तो उतरला तेव्हा मी खिडकीतून हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही.