पुन्हा भरलेली ट्रंक

भाऊजी,

तुमचं प्रदर्शन बघून आले. दारात ट्रंक घेऊन उभी असलेली मी तिथं टांगलेय आणि खाली लिहिलंय, ‘बेघर’. तो फोटो उतरवा.

एवढं लिहून वहिनीनं पेन आपटलं. दीर दोन गल्ल्या पलीकडे, त्याला पत्र कसलं पाठवायचं? तिनं चपला घातल्या आणि थेट त्याचा स्टुडिओ गाठला.

निळा पडदा, डुगडुगतं स्टूल, कोणी पळवू नये म्हणून दोऱ्यानं बांधलेला कंगवा. इथं ओळखपत्रांचे फोटो काढण्यात दिराचा जन्म गेला. हौस मात्र बिऱ्हाडं हलतानाचे फोटो काढायची. गाव सुटल्यापासून कुटुंबानं पाच घरं बदलली. दर वेळी सामान उचलायची वेळ आली की याच्या हातात कॅमेरा, म्हणजे दोन्ही हात अडकलेले.

पाचव्या, म्हणजे आताच्या घरात आले त्या दिवशी वहिनीनं सकाळीच ट्रंक रिकामी केली होती. भांडी फळीवर लागली, उतू गेलेलं दूधही पुसून झालं, तेव्हा हे महाशय उगवले. “वहिनी, सामान आत येतानाचा फोटो राहिला. पुन्हा भरा ना जरा. रिकामी ट्रंक हलकी दिसते.” नवरा म्हणाला, “भर गं, पोराची हौस आहे.” तिनं भरली. उचलताना खांद्यात चमक निघाली. फोटोत दिसते ती चमक. लोक तिला घर सुटल्याचं दुःख म्हणतात.

“लोक रडतात हो त्या फोटोपुढे,” दीर म्हणाला.

“शेजारीण विचारायला आली, जागा कधी सोडताय म्हणून. मुलं त्या घरात वाढली, तुमचे दादा त्याच घरात गेले. आणि मी बेघर?”

“कला असते ती, वहिनी.”

“मग बायकोला उचलायला लावायची होती ट्रंक.”

स्टुलावरचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. “हनुवटी वर,” दीर त्याच्यावर खेकसला. मग वहिनीला म्हणाला, “फोटो उतरवणार नाही. खालची पाटी बदलतो.”

“लिहा, ही बाई इथंच राहते. आणि लिहा, ट्रंक दिरानं भरायला लावली.”

“पहिलं लिहितो.”

“आजच.”

“एवढं उरकलं की जातो.”

तो प्रदर्शनात गेलाही. शेजारीण तिथंच होती, तिनं येऊन सांगितलं: फोटोपुढे एक बाई डोळे पुसत होती. भाऊजी तिच्या शेजारी बराच वेळ मान खाली घालून उभे राहिले, तिला नमस्कार केला आणि पाटीला हात न लावता घरी गेले.