कुसुमबाईंची पंगत

कुसुमबाईंची माझी पहिली भेट चामोर्शीच्या कार्यालयात झाली. गृहअर्थशास्त्राची पदवी घेऊन मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. त्या माझ्या वरिष्ठ. नाव-गाव न विचारता त्यांनी विचारले, "जेवली का?" मी हो म्हटले. "बसून, का उभ्यानंच?" उभ्यानेच, मी खरे ते सांगितले. त्यांनी खुर्ची पुढे केली, स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि जवसाची चटणी खाऊ घातली आणि मगच कामाचे कागद हाती दिले.

आहारावर भाषणे पुष्कळ होतात. कुसुमबाईंनी ती फारशी दिली नाहीत. त्या ऐन जेवणाच्या वेळी लोकांच्या घरी जात आणि कोण काय खाते, कोणाच्या मागून खाते, ते पाहत. पुरुष तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून भूक मारतात, मुले दुकानातल्या चटपटीत खाऊच्या पुड्यांवर पोट भरतात आणि बाया उरेल त्यात भागवतात. दुखणे यात आहे, असे त्या स्पष्ट सांगत.

एक प्रसंग मी स्वतः पाहिला. जवळच्या एका गावात सरिता नावाची सून गरोदर होती. अंगात रक्त फार कमी. असेच राहिले तर बाळंतपणात तिच्या जिवाला धोका आहे, असे डॉक्टरांनी बजावले होते. गोळ्या ती घेत होती, पण ताटात रोज उरलेला भात आणि रस्सा. आम्ही गेलो तेव्हा घरात मासोळ्या शिजल्या होत्या. सासूबाईंनी पाहुण्यांची आणि पुरुषांची ताटे वाढली. कुसुमबाईंनी ताटाला हात लावला नाही.

"सरिता बसल्याबिगर मी घास नाई उचलत."

"सासऱ्यापुढं सून बसते का बाई? आमच्या घरी असं नाई होत," सासूबाई म्हणाल्या.

"तर मंग मी उपाशीच जातो," म्हणत त्या उठल्या.

दारातून पाहुणी उपाशी जाणे त्या घराला सोसणारे नव्हते. सासऱ्यांनीच सुनेला हाक मारली. ती बसली. मग कुसुमबाई सासूकडे वळल्या, "तुमी बी बसा, माय."

"मी बसलो तर वाढन कोन?"

"मी वाढतो. वाढायले काय लागते?" म्हणत सासरे उठले आणि भाताआधीच ताटात रस्सा ओतला.

"एवढी वर्सं खाऊन राह्यले, पन वाढायचा पत्ता नाई!" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले, सरिताही. तिच्या पानात त्या दिवशी मासोळीचा मधला तुकडा पडला.

कुसुमबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बाळंतपण होईपर्यंत त्या घरी जेवणाच्या वेळी न सांगता जात राहिल्या. सरिता सुखरूप बाळंत झाली. बाळाच्या बारशाला त्या घरात बायापुरुषांची एकच पंगत बसली.

बाईंना सगळीकडे यश आले, असे मी लिहिणार नाही. खर्ऱ्यापुढे त्यांचे फारसे चालले नाही. पुड्यांची दुकाने तर आता अंगणवाडीच्या फाटकापर्यंत आली आहेत. बैठकांना त्या उशिरा येत आणि अहवाल लिहायचा त्यांना कंटाळा असे. पण माझ्या पतीच्या आजारपणात मी दवाखान्यात बसून होते, तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन त्याच येत. मी जेवेपर्यंत समोरून हलत नसत. रागवत मात्र भरपूर.

आज पंचाहत्तरीतही त्या पायी फिरतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा. यात आमचा स्वार्थही आहे. आपल्या भागात अजून कितीतरी सुना सर्वांच्या मागून जेवतात. त्या सगळ्या घरी कुसुमबाईंना जेवायला जायचे आहे.