वेशीबाहेर, स्फोटाच्या मागावर

आमच्या आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जातो आणि माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांच्या झोपड्यांत राहतो. मागे गावात फक्त देव. मधेच कुणी घरी गेलेलं चालत नाही. चार बुकं शिकल्यापासून मी या प्रकाराला नाक मुरडत आले. त्या वर्षी मात्र बाबांचं हृदयाचं दुखणं वाढलं होतं, म्हणून पुण्याहून रजा न घेताच आले. काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं.

माझं काम म्हणजे मागावर राहणं. दूर कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, गॅमा किरणांचा दोन सेकंदांहूनही छोटा लखलखाट होतो आणि उपग्रह आम्हाला सूचना धाडतो. मग धावपळ. क्ष-किरणांत जागा नक्की करायची, दृश्य प्रकाशात मागे उरलेली धग शोधायची, पुढे कित्येक दिवस रेडिओ दुर्बिणी तिकडे लावायच्या. धग झपाट्याने विझते. उशीर झाला की काही म्हणजे काही मिळत नाही.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सूचना आली. ड्युटी माझी होती. आमची दुर्बीण पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, आणि तिथे उजाडायला फार वेळ उरला नव्हता. क्ष-किरणांतली जागा हाती येताच मी पहिलं चित्र मागवलं. आई ओढ्यावर भांडी घासायला गेली होती. तेवढ्यात बाबा झोपडीत आले.

"गो, छातीत जळजळता. जिभेखालची गोळी खंय आसा?"

मी पिशवी उपसून पाहिली. तांदूळ, तवा, कोंबड्यांची टोपली, चार्जर, सगळं आठवणीने आणलं होतं. गोळ्यांची बाटली घरात फळीवर राहिली होती. घर दीड मैलावर. स्कूटर झोपडीपुढेच उभी होती.

"ती घराकच रवली, बाबा. वायच बसा, ह्या झाला की घेवन येतंय."

"नको. वेस मोडूची नाय. आणि तुझा काम आसा मा?" ते चटईवर आडवे झाले.

खरं सांगते, वेशीचा विचार माझ्या मनातही नव्हता. मी पडद्याकडे बघत होते. पहिल्या चित्रात एका दीर्घिकेच्या कडेला ठिपका होता, पण तो नेमका कशाचा ते एका चित्रावरून ठरत नाही. ड्युटी दुसऱ्या कुणावर सोपवायला एक फोन पुरला असता. तो मी केला नाही, कारण शोध माझ्याच हातून लागायला हवा होता. दुसरं चित्र मागवलं, मग तिसरं. तिसऱ्यात ठिपका फिका झाला होता. म्हणजे तीच धग, विझत चाललेली. मी सगळ्यांना कळवलं आणि मागे वळले. बाबांचा हात चटईवरून खाली मातीत गेला होता. दवाखान्याची गाडी येण्याआधीच सगळं संपलं.

अग्नी वेशीबाहेरच दिला. सुतकात असताना सहकाऱ्यांची पत्रं येत राहिली: अवरक्तात सापडलं, रेडिओतही क्षीण काहीतरी आहे. ते वाचून मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आजही किळस येते.

तेराव्याला गावचे मानकरी आले. गोळ्या घरी राहिल्याचं एव्हाना गावभर झालं होतं. त्यांच्यातले थोरले सगळ्यांदेखत म्हणाले, "इतक्या शिकलेला चेडू, पण बापाचो जीव जाता तरी वेस मोडूक नाय. अशी माणसा आता खंय रवली?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ह्या आयकान तुझ्या बाबांका बरा वाटला असता," ती म्हणाली.

मी मान हलवून हो म्हटलं.